सासुरवाडीच्या दारावरून जाणारी शर्यत

मी सायकलपटू आहे, हे वाक्य आमच्या घरात माझ्याशिवाय कुणीही उच्चारत नाही.

शेवगावात माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. खुर्चीत बसून बसून पोट सुटलं, डॉक्टरांनी साखरेवरून झापलं, आणि मी जाड टायरची, गिअरची सायकल घेतली. रोज पहाटे पैठण रोडला सायकल मारायची आणि येताना चौकात मिसळ खायची, असा माझा कडक सराव सुरू झाला. आता आमच्याकडचे रस्ते म्हणजे परात! चढ म्हणून काय तो गतिरोधक. तरीही दोन वर्षांत माझा असा काही समज झाला की आता हिमालयानंच काय ते सांभाळून राहावं.

अशात एक दिवस मोबाईलवर जाहिरात आली. भंडारदऱ्याकडच्या डोंगरात सायकल शर्यत. सकाळी सुरू, दुसऱ्या दिवशी सकाळी बंद. डोंगरातल्या मातीच्या वाटेनं एक फेरी आखलेली, तीच ती दिवसरात्र मारत राहायची. जोडीदार नाही, बदली नाही, सगळं एकट्यानं. ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. मी नकाशा उघडून बघितला आणि गल्ल्यावरून उठलोच! फेरीची वाट कुठून जात होती? आमच्या सासुरवाडीच्या अंगणासमोरून!

इथं तुम्हाला आमचे सासरे, म्हणजे आप्पा, सांगायला हवेत. आप्पा अकोले तालुक्यातल्या डोंगरातले भातशेतीवाले. मोजकं बोलणार, पण बोलले की लागणार. वीस वर्षांपूर्वी मी सुनंदाला बघायला गेलो, तेव्हा घाटात एसटी लागून मला तीन वळणांवर उलट्या झाल्या. पुढं वाडीपर्यंतची चढण पायी चढताना मी दोनदा खाली बसलो. अंगणात पोचलो तेव्हा नवरामुलगा कोण आणि पेशंट कोण, हे कुणाला कळेना. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासूबाईंना म्हणाले, "मानूस सपाटीचं हाय. पोरीला तिकडं न्यायचंय म्हून बरं, हितं काय टिकलं न्हाई."

वीस वर्षं हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय हो! दुकान वाढवलं, घर बांधलं, गाडी घेतली, आप्पा आपले दर भेटीत विचारतात, "चढन चढताना तरास न्हाई ना झाला?" तेव्हा मी ठरवलं, आप्पांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच अंगणासमोरून, दिवसरात्र सायकल मारायची. जिंकायचं नव्हतंच मला. शेवटपर्यंत टिकायचं आणि आप्पांनी ते बघायचं, बास!

"अहो, तुम्हाला झेपणार आहे का?" सुनंदानं विचारलं.

"सराव आहे माझा."

"कुठला? मिसळीचा?"

मी दुर्लक्ष केलं. (मोठ्या माणसांना घरातून विरोध होतोच.) फॉर्म भरला, झगझगीत चड्डी-बनियन मागवलं, आणि ती तारीख पंचांगात कुठं येते ते ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानात कंपन्यांची फुकट आलेली चार कॅलेंडरं लटकतात, पण एकातही डोकं घातलं नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गाडीतून डोंगर चढताना सुनंदा कौतुकानं म्हणाली, "बाकी तुम्ही हुशार हं. दोन्ही कामं एका फेरीत."

"दोन्ही कुठली?"

"कुठली म्हणजे? धोंड्याचा महिना नाही का चालू? मी आईला कळवलंय, जावई दिवसभर आहेत म्हणून."

मी कपाळाला हात लावला. धोंड्याचा महिना येतो तीन वर्षांतून एकदा, आणि त्या महिन्यात आमच्याकडे जावई हा जावई नसतो, साक्षात नारायण असतो! त्याला बोलवायचं, ओवाळायचं, पाय धुवायचे, आहेर करायचा आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. नारायण उपाशी गेला तर घराला दोष. आणि हा नारायण सबंध दिवस दारावरून जाणार होता, तेही सायकलवर, तेही पुन्हा पुन्हा!

सकाळी शिट्टी वाजली. पन्नासेक सायकली सुटल्या. पहिल्याच चढणीला एकोणपन्नास माझ्या पुढं गेल्या, पण मी डगमगलो नाही. हाशहुश करत वळणावर आलो तर काय! अंगणासमोर वाटेवर आडवी रांगोळी, मधे पाट, आणि पाटापाशी हातात ताट घेऊन सासूबाई. मागं अख्खी वाडी. आप्पा नवी टोपी घालून ओट्यावर बसलेले.

"आई, शर्यत चालूय!" मी ओरडलो.

"चालू ऱ्हाऊ द्या की. आमी कुटं थांबवलीय? उतरा खाली."

मी उतरलो. मला ओवाळलं. कपाळावर बचकभर कुंकू लावलं. पुढच्या चढणीवर घाम फुटला आणि ते कुंकू डोळ्यांत उतरलं. मी एक डोळा झाकून अर्धी फेरी मारली. फेरी जिथं सुरू व्हायची आणि संपायची त्या संयोजकांच्या तंबूपाशी पोचलो तेव्हा लाल तोंड बघून डॉक्टरीणबाई पट्ट्या घेऊन धावत आल्या. "कुठं आपटलात?" म्हणाल्या. मी म्हटलं, "सासुरवाडीला."

दुसऱ्या फेरीला आहेर. टॉवेल, टोपी, उपरणं. हेल्मेट काढायला वेळ नव्हता, म्हणून मेव्हण्यानं, पोपटनं, टोपी हेल्मेटवरच घातली. उपरणं गळ्यात, टॉवेल खांद्यावर. मी पुढं निघालो तसा मागून येणारा एक पुण्याचा सायकलवाला बाजूला सरकून म्हणाला, "नमस्कार आमदारसाहेब!"

तिसऱ्या फेरीला पाय धुणं निघालं. आता मात्र मी ठाम राहिलो.

"आई, बूट काढणार नाही. वेळ जातो."

"नगा काढू."

आणि त्यांनी तांब्याभर पाणी बुटांवरच ओतलं! त्यानंतर दिवसभर पायडल मारलं की बुटातून पचपच आवाज यायचा. आप्पा ओट्यावरून सगळं बघत होते. नियमाप्रमाणे त्यांनी खाली उतरून मला वाकून नमस्कार केला. (नारायणाला करतात, मला नव्हे, ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.) उठता उठता म्हणाले, "लई धाप लागलीय. बसा वाईच."

झालं! ते ‘बसा वाईच’ माझ्या काळजात घुसलं. मी सायकलवर टांग मारली आणि असा सुसाट सुटलो की त्या फेरीत मी चक्क एकाला मागं टाकलं. (तो पंक्चर काढत होता. पण टाकलं.)

खरी पंचाईत जेवणाच्या वेळी झाली. पाट मांडला, ताट वाढलं, उदबत्ती लावली. मी म्हटलं, "आई, पोटभर जेवून सायकल चालत नाही. रात्री बघू." तर सासूबाईंच्या डोळ्यांना धारच लागली! "धोंड्याच्या महिन्यात जावई दारावरनं उपाशी चालला गं माझा! काय चुकलं आमचं?" वाडीतल्या बायांनीही पदर डोळ्यांना लावले. सुनंदा माझ्याकडे असं बघायला लागली की मला शेवगाव आठवलं, घर आठवलं, आणि पुढची वीस वर्षं आठवली.

शेवटी पोपटनं तोडगा काढला. "दाजी, हप्त्यानं जेवा की. एका फेरीला दोन धोंडे. तुमची शर्यत बी व्हईल, आईचं बी समाधान व्हईल."

मलाही ते पटलं! एवढा शहाणासुरता दुकानदार मी, पण एका फेरीला दोन म्हणजे दिवसभरात किती, हा हिशोब मी केलाच नाही. प्रत्येक फेरीला मी वळणावर यायचो, तोंड उघडायचो, सासूबाई धोंडा कोंबायच्या, सुनंदा वरून तूप सोडायची, आणि मी चावत चावत चढण चढायचो. धोंडा घशाखाली उतरतोय न उतरतोय तोवर पुन्हा सासुरवाडी! मधूनच भजी यायची, कुरडई यायची. एकदा तर आमटीची वाटी हातात देऊन पोपट म्हणाला, "ही वाटी पुढल्या फेरीला परत आना."

त्या वळणावर संयोजकांनी एक पंच उभा केला होता. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात कागद, एकूण फार कडक माणूस. त्यानं हात आडवा केला. "काका, हे असं चालणार नाही."

सासूबाईंनी त्याला विचारलं, "लगीन झालंय का रं तुजं?"

"हो. का?"

"मंग तू बी कुनाचा तरी जावईच की! बस पाटावर."

पंच बसला, आणि तो जो बसला तो बसलाच. मग ती लाटच आली. सासूबाई म्हणाल्या, जावई म्हटला की नारायण, आपला काय आणि परका काय! वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला वाडी अडवायला लागली. लग्न झालेला असला की धोंडे, नसला की नुसता चहा. मला ‘आमदारसाहेब’ म्हणणारा तो पुण्याचा गडी एका फेरीला "लग्न नाही झालं" म्हणून चहावर कटला. पुढच्या फेरीला स्वतःच उतरला आणि म्हणाला, "काकू, जमलंय. पुढच्या महिन्यात आहे." त्याला एक धोंडा ॲडव्हान्स मिळाला!

दिवस मावळायच्या सुमाराला अंगणात पंगत बसली होती. निम्मी शर्यत मांडी घालून जेवत होती. जे फक्त मापून-मोजून, पाकिटातलं औषधासारखं काहीतरी पिळून खायचे, ते ‘काकू, अजून थोडं तूप’ म्हणत होते. जेवून उठलेला जो तो पुढच्या झाडाखाली आडवा. मी मात्र सायकल मारत होतो! माझ्या मनात पहिल्यांदा पाप आलं. वाटलं, अरे, हे सगळे असेच लोळत राहिले तर आपण नुसते टिकणार नाही, चक्क वर येणार! आप्पा बघतच राहतील!

त्या आनंदात मी वळणावर थांबलो आणि म्हणालो, "आई, दोनाऐवजी आता चार द्या."

ते चार खाल्ले. ओट्यावर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर पाच मिनिटं पाठ टेकली. पाचच मिनिटं.

त्यानंतरच्या रात्रीचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी त्या रात्री हजर नव्हतो.

जाग आली ती कोंबड्यानं. उजाडलं होतं! मी ताडकन उठून बसलो. शर्यत संपायला जेमतेम तासभर. सगळं गेलं! वीस वर्षांची हौस धोंड्यांत गेली! आता आप्पा आयुष्यभर विचारणार, "झोप लागली ना नीट?" मला अक्षरशः रडू फुटलं. डोळे पुसत अंगणात आलो तर सायकल जागेवर नाही. पंच पाटाशेजारीच शिट्टी तोंडात धरून घोरतोय. श्वासागणिक बारीक शिट्टी वाजतेय.

"माझी सायकल कुठंय?"

"येतीया," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आप्पा गेल्यात."

"कुठं गेलेत?"

"तुमच्या फेरीला."

तेवढ्यात वाटेवरून घंटी वाजली. माझ्या सायकलवर, माझं हेल्मेट घालून, धोतराचा सोगा कमरेला खोचून, सत्तरीचे आप्पा चढण चढून येत होते. मधे कुठं न उतरता, सीटवर बसूनच! उतरले, हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात देत म्हणाले, "ही शेवटची तेवडी तुमी मारा. हात लागूंद्या."

हळूहळू मला प्रकार कळला. आप्पांच्या वाडीत भाताची कामं सावडीनं होतात. सावड म्हणजे आज माझ्या खाचरात तू, उद्या तुझ्या खाचरात मी. एखाद्या घरचं काम अडलं, घरधनी आजारी पडला, तर वाडी जाऊन ते काम उरकते, बोलावणं लागत नाही. काल रात्री वाडीनं बघितलं, जावयाचं काम अर्धं राहिलंय आणि जावई काही उठत नाही. आप्पा म्हणाले, "सावड लावा." लागली! रात्रभर वाडी आळीपाळीनं माझी सायकल मारत होती! माझा नंबर सायकलला लावलेला होता, त्यामुळे तंबूतल्या यंत्रावर फेऱ्या माझ्याच नावावर पडत होत्या.

"तूसुद्धा?" मी सुनंदाला विचारलं.

"मग? दोन मारल्या. अंधारात तंबूतले लोक मला ‘शाब्बास सर’ म्हणत होते." आणि वर म्हणाली, "सीट फार खाली ठेवता तुम्ही."

आता खरं म्हणजे मी तंबूत जाऊन सरळ सांगायला हवं होतं. तसं ठरवूनच मी शेवटची फेरी मारली. पण तंबूपाशी पोचतो तर टाळ्यांचा कडकडाट! लोक मला उचलून घ्यायला धावले. (पेललो नाही.) सगळे धोंडे खाऊन झोपलेले, आणि माझ्या नंबराची सायकल रात्रभर थांबलेली नाही. मी पहिला आलो होतो! पोपटच्या पिकअपमधून वाडी उतरली. पुढच्या रांगेत आप्पा बसले, आणि देवाशप्पथ सांगतो, वीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून हसत होते. खरं सांगायचं मी पुढं ढकललं.

संयोजक म्हणाले, "सर, दोन शब्द बोला."

बोलायचं तर खरं बोलायचं ना? मी काय बोललो ऐका. मी म्हणालो, "मित्रहो, सोलो म्हणजे एकटेपणा. रात्रीच्या काळोखात माणूस, सायकल आणि डोंगर. कुणी सोबत नसतं. अशा वेळी माणसाला स्वतःची ओळख पटते." बोलता बोलता मला स्वतःलाच गहिवरून आलं! पुण्याच्या त्या गड्यानं तर डोळे पुसले.

टाळ्या थांबल्या आणि आप्पा उठले. "मला बी बोलायचंय," म्हणाले. मला वाटलं, कौतुक करणार! मी स्वतः त्यांच्या हातात माईक दिला.

"जावयांचं काम पुरं झालं," आप्पा म्हणाले. "आता ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं घ्याया पायजेत, तशी आमच्यात रीत हाय. पोपटनं तीन फेऱ्या मारल्या. सुनंदानं दोन. सरपंचांनी एक. ठकूबाईला सायकल येत न्हाई, तिनं ढकलत न्हेली, पन फेरी पुरी केली. तिच्यासाटी टाळ्या वाजवा."

वाडीनं कडाडून टाळ्या वाजवल्या. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो.

संयोजक माझ्याकडे वळले. "सर, हे खरं आहे?"

"हो," मी म्हणालो. "मी संध्याकाळपासून झोपलो होतो."

"सॉरी आजोबा, यांना बाद करावं लागेल. ही शर्यत एकट्यानं करायची असते."

आप्पांना काही कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले, मी बुटांकडे. तेवढ्यात सासूबाई मागून मोठ्यानं म्हणाल्या, "एकट्यानं? एकट्यानं कुनाचं काम हुतं व्हय कवा?"

वाडीनं यावरही टाळ्या वाजवल्या, पण नियम तो नियम. मी बाद झालो तो झालोच.

परतीला पिकअपमध्ये मी आप्पांशेजारी मान घालून बसलो होतो. शरमेनं जीव अर्धा झाला होता. म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं. तुमच्यापुढं टिकून दाखवायचं होतं, आणि तुमचीच मान खाली गेली."

"माजी कशापायी जाईल?" आप्पा म्हणाले. "त्ये सायकलचं ऱ्हाऊ द्या. वाडीनं तुमची सावड केलीया. आता ती फेडाया येताय का न्हाई, एवडं सांगा."

"येतो की!"

"बगा हां. चिखलात दिवसभर वाकायचं असतंय."

"आप्पा, शब्द दिला!"

आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, दुकान बंद ठेवून मी खरोखर गेलो. पहिलं खाचर ठकूबाईंचं. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, रोपांची मूठ हातात घेतली आणि वाकलो. ती शर्यत काहीच नव्हती हो! तिथं निदान बसायला सीट होती. कंबर अशी धरली की सरळ उभं राहायचं म्हटलं तर दोन माणसं लागायची. पण मी थांबलो नाही. ओळ संपली की दुसरी धरली. कुणी ‘बसा वाईच’ म्हणालं की आणखी खाली वाकायचो. आप्पा बांधावरून बघत होते, आणि या वेळी मला झोप येणार नव्हती!

उन्हं उतरायला लागली तेव्हा मी शेवटच्या ओळीला होतो. टिकलो होतो! वीस वर्षांनी, डोंगरात, आप्पांच्या डोळ्यांदेखत! आप्पा चिखलात उतरून माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. माझा ऊर भरून आला.

"जावईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "टिकलात. मानलं तुमाला."

"आप्पा..." मी चिखलाच्याच हातानं डोळे पुसले.

"आता वाईच मागं वळून बगा."

मी पोपटच्या आधारानं मागं वळलो. सकाळपासून मी लावलेली रोपं खाचरभर पाण्यावर तरंगत होती, आणि ओळीनं पाच बाया मागून ती पुन्हा लावत येत होत्या.

"त्यांनी तुमच्यासाटी परत सावड लावलीया," आप्पा म्हणाले. "आता तेवडी फेडायला उद्या येऊ नगा, म्हंजी झालं."